स्पीकर वाळत घालताना

घरात स्पीकर गाण्यासाठी येतो आणि पुढे टेबल म्हणून राहतो. गुडघ्याएवढ्या उंचीचा, चौकोनी, वरून सपाट असा खोका रिकामा ठेवणं आपल्याला बघवत नाही. आधी त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल येतो. रुमाल पंख्याने उडू नये म्हणून फुलदाणी येते. फुलदाणी एकटी बरी दिसत नाही म्हणून बाटलीतला मनीप्लांट येतो. स्पीकर करणाऱ्याने कागद, तांब्याची तार, लोखंड आणि लाकडाचा भुसा अशा, पाण्याशी अजिबात न पटणाऱ्या चार गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात, आणि आपण नेमकं त्यांच्या डोक्यावर पाणी नेऊन ठेवतो. मनीप्लांट कलंडला नाही, तर वरच्या मजल्याची गळती असते, एसीचं ठिबकणं असतं, फरशी पुसताना हिंदकळणारी बादली असते. यातलं काहीच झालं नाही तर पाऊस आहेच.

आमच्याकडे पाऊस होता. पुण्यातला आडवा पाऊस, लग्नाला गेलेलं घर आणि हॉलची उघडी खिडकी. खिडकी कोणी उघडी ठेवली याची रीतसर चौकशी झाली, सगळ्यांचे जबाब घेतले गेले आणि खिडकी आपली आपणच उघडली असावी, या निष्कर्षावर एकमत झालं. खिडकीखाली होता अण्णांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, डावा स्पीकर. नव्वदच्या दशकात तपकीर गल्लीतून ही जोडी त्यांनी रिक्षात मांडीवर घेऊन आणली होती. उजवा कोरडा ठणठणीत. डाव्याची जाळी काढली तर कागद ओला चिंब, आणि त्याच्या कडेच्या खाचेत चमचाभर पाणी साचलेलं. अण्णांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, “ठीक आहे. आता एका कानाने ऐकू.”

भिजलेल्या वस्तूभोवती माणसं फार लवकर जमतात. शेजारचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यामुळे विजेविषयी त्यांना भीती अशी उरलेली नाही. ते म्हणाले, “चालू करून टाका. आतल्या उष्णतेने आपोआप वाळेल.” नवऱ्याने हेअर ड्रायर आणला. सासूबाईंनी तांदळाच्या डब्याचं झाकण उघडलं. मुलाने मोबाइल पुढे केला. त्यात पाणी बाहेर फेकणारा एक खास आवाज होता म्हणे. पाच मिनिटांत चार उपाय, आणि चारही तातडीचे. वस्तू बिघडली की हाताला काहीतरी काम हवं असतं, मग त्या कामाने वस्तू सुधारो वा न सुधारो.

यातला एकही उपाय का चालत नाही, हे कळायला स्पीकर उघडावा लागतो. तो उघडला की सुखद धक्का बसतो, कारण सगळं समजतं! हल्ली घरातली कुठलीही वस्तू उघडा, आत एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर काळे चौकोन. त्यांच्याकडे बघून आपण झाकण पुन्हा लावतो. स्पीकरमध्ये मात्र प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी दिसते. पुढे कागदाचा शंकू, ज्याला दुकानात कोन म्हणतात. त्याच्या मागच्या टोकाला नळकांड्यावर गुंडाळलेली तांब्याची बारीक तार, ती कॉइल. ही कॉइल चुंबकाच्या गोल फटीत कुठेही न टेकता अधांतरी असते. तिच्या दोन्ही बाजूंना उरलेली जागा मिलिमीटरपेक्षाही कमी. तिला मधोमध धरून ठेवणारी चुण्याचुण्यांची पिवळसर कापडी चकती, तिचं नाव स्पायडर. तारेतून गाण्याची वीज गेली की कॉइल पुढेमागे होते, कागद हलतो, हवा हलते आणि भीमसेन जोशी आपल्या हॉलमध्ये येतात.

व्हेर्नर सीमेन्स यांनी चुंबकात हलणाऱ्या अशा कॉइलचं पेटंट १८७४ मध्येच घेतलं होतं, पण तेव्हा तिच्यातून ऐकण्यासारखं जगात काही नव्हतं. आजच्या स्पीकरची रचना मांडली ती जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी, १९२५ मध्ये. मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं, त्याच्याही आधी. इतक्या वर्षांत गाणी तबकडीतून फितीवर, फितीतून सीडीवर आणि तिथून थेट हवेत गेली, पण शेवटी आवाज काढायला अजून कागद आणि तारच लागते. घरात नव्याने येणाऱ्या वस्तूंपैकी पणजोबांना न सांगता कळली असती, अशी ही बहुधा शेवटचीच.

तर आता काकांचा उपाय. ओला कागद जड होतो आणि लिबलिबीत होतो. त्याला त्या अवस्थेत नाचायला लावलं तर तो फाटतो, किंवा कॉइलला एका बाजूला ओढतो. शिवाय शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, हे शाळेत शिकलेलं खरं असलं, तरी खिडकीच्या चौकटीवरून धूळ आणि क्षार घेऊन आलेलं पाणी शुद्ध नसतं. त्याच्यात वीज सोडली की तांबं आणि जोडाचे डाग हिरवे पडू लागतात. आमचा स्पीकर निदान साधा होता, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा. ज्यांच्या खोक्यातच अ‍ॅम्प्लिफायर असतो, त्यांनी आधी भिंतीतला प्लग काढायचा आणि तरी आत हात घालायचा नाही, कारण आतले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ वीज धरून बसतात. बॅटरीवरचा ब्लूटूथ स्पीकर असेल, तर ओला असताना चार्जिंगला लावायचा मोह पूर्ण आवरायचा. त्यातली लिथियमची बॅटरी बिनसली तर प्रकरण स्पीकरपुरतं राहत नाही.

हेअर ड्रायरने कागद वाळतो, पण एका बाजूने आधी आणि दुसऱ्या बाजूने नंतर, म्हणजे वाकडा. आणि कोन, स्पायडर, मधली टोपी हे सगळं ज्या गोंदाने चिकटलेलं असतं, तो गरम हवेने मऊ पडतो. मुलाचा उपाय खोटा नव्हता. अ‍ॅपलच्या मनगटी घड्याळात ही सोय मुळातच आहे. पोहून आल्यावर ते आपल्या स्पीकरमधून सूर काढून आत शिरलेलं पाणी बाहेर ढकलतं. पण तिथे टिचभर पडदा आणि थेंबभर पाणी असतं, आणि पडदा ओला व्हायला तयार करूनच बसवलेला असतो. आमचा आठ इंची कागद पाणी प्यायला होता. त्याला सूर ऐकवून काय होणार?

राहिले तांदूळ. तांदूळ हा आपल्या घरातला असा पदार्थ आहे, की तो अक्षतांपासून पेजेपर्यंत सगळीकडे चालतो, तेव्हा स्पीकरला का चालू नये, हा सासूबाईंचा प्रश्न तर्काला धरून होता. फक्त कोलम घालावा की आंबेमोहोर, एवढाच त्यांना पेच होता, आणि “नंतर तो भात खायचा का?” हा मुलाचा उपप्रश्न. पण कोरडे तांदूळ उघड्या हवेपेक्षा फार ओल शोषतात असं नाही. त्यांची पिठी आणि कण्या मात्र हमखास आत जातात. अ‍ॅपलने २०२४ च्या सुरुवातीला लोकांना जाहीरच सांगितलं, की भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन बिघाड करतील. आणि आठ इंची स्पीकर बुडवायचा म्हणजे महिन्याचं रेशन लागलं असतं. हे शेवटचं कारण सासूबाईंना पटलं.

पुराच्या पाण्याचं गणित मात्र निराळं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हाची मुंबई, २०१९ मधलं सांगली आणि कोल्हापूर, २०२१ मधलं चिपळूण आणि महाड, इथे घरात पाण्याबरोबर गाळही आला. गाळ वाळला की त्याची वाळू होते आणि ती कॉइलच्या फटीत कायमची बसते. म्हणून तिथे उलटं करावं लागतं. वस्तू ओली आहे तोवरच तिच्यावरचा चिखल स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुवायचा आणि मग वाळवायची. हे सांगायला सोपं आहे. घरातला चिखल फावड्याने उपसणाऱ्या माणसाला स्पीकर धुवायला उसंत कुठून असणार? त्या त्या वर्षी रस्त्याच्या कडेला गाद्या आणि कपाटांच्या ढिगांत भिजून फुगलेले खोकेही पडले होतेच. त्यांच्यापुढे आमचा एक डावा स्पीकर म्हणजे चैनीचं दुःख.

आमच्या वाट्याला आलं ते काम म्हणजे स्क्रू काढून स्पीकर खोक्यातून सोडवायचा, दोन तारांपैकी लाल कुठली आणि काळी कुठली याचा फोटो काढून ठेवायचा, कोनवरचं पाणी सुती कापडाने न घासता टिपायचं, आणि मग काहीही न करता थांबायचं. इथपर्यंतचं सगळं चहा गार व्हायच्या आत उरकलं. थांबणं मात्र कुणालाच जमेना. जो तो येता-जाता कोनवर बोट ठेवून बघे.

खरं तर ज्या घरात कुरडया घातल्या जातात, त्या घराला स्पीकर वाळवायला शिकवावं लागू नये. वरून खडखडीत दिसणारी कुरडई पोटात ओली असते आणि घाईने डब्यात भरली की बुरशी धरते, हे या घरातल्या बाईला कुणी पुस्तकातून सांगितलेलं नाही. मी ही गोष्ट सासूबाईंच्या कानावर घातली आणि सूत्रं त्यांच्या हाती गेली. त्यांनी स्पीकर खिडकीपासून दूर, पंख्याच्या वाऱ्यात पण थेट झोतात नाही अशा बेताने, दोन पाटांवर पालथा घातला, म्हणजे चुंबक वर आणि कोन खाली, पाटांच्या मधल्या फटीवर मोकळा. आत राहिलेला थेंब कॉइलकडे न जाता बाहेरच्या बाजूला यावा, हा त्यामागचा विचार. स्पीकरविषयी काही ठाऊक नसताना बाईंनी तो बरोबर केला. मग हाताची उलटी बोटं कागदाला जेमतेम लावून निदान केलं, “अजून गार लागतंय.” ओल उडून जाताना गारवा देते, त्यामुळे हे निदान माझ्या मल्टिमीटरपेक्षा भरवशाचं होतं. त्या दिवसापासून स्पीकरला हात लावायची परवानगी फक्त त्यांच्याकडून मिळे, आणि ती कुणालाच मिळत नसे.

पावसाळ्यातली अडचण अशी, की पंखा हलवतो ती हवाही ओलीच असते. इथे नवऱ्याच्या संग्रहाला न्याय मिळण्याची संधी आली. बुटांच्या खोक्यांत आणि औषधांच्या बाटल्यांत येणाऱ्या, ‘खाऊ नका’ असं लिहिलेल्या सिलिका जेलच्या पुड्या तो वर्षानुवर्षं एका खणात साठवतो. त्या सगळ्या पुड्या आणि स्पीकर एका मोठ्या झाकणाच्या डब्यात ठेवायचे असं ठरलं. कल्पना उत्तम होती. पण सिलिका जेल हवेतली ओल पोटात घेतं आणि पोट भरलं की थांबतं. खणातल्या पुड्या कित्येक पावसाळे पुण्याची हवा पिऊन तृप्त झालेल्या होत्या. शेवटी ताजं सिलिका जेल आणलं. त्यातले निळे खडे ओल घेतली की गुलाबी होतात आणि तापवले की पुन्हा निळे. ते रोज गुलाबी झाले का हे बघणं, हा मुलाच्या हाताला लागलेला बिनधोक उद्योग ठरला. जुन्या पुड्या टाकायला नवऱ्याने ठाम नकार दिला. त्या पुन्हा खणात आहेत.

मधल्या काळात खोक्याकडे लक्ष गेलं. खोक्याला पुढे एक गोल भोक असतं. अनेकांना ते कारखान्यात राहून गेल्यासारखं वाटतं. पण अल्बर्ट थुरास या बेल लॅबोरेटरीजच्या संशोधकाला त्याचं पेटंट १९३२ मध्ये मिळालेलं आहे. कोनच्या पाठीमागे वाया जाणारा आवाज या भोकातून नेमक्या चालीने बाहेर काढला, की खर्जाला भर येतो. थुरास यांच्यानंतर या शोधात आमच्या मुलाने लहानपणी भर घातलेली दिसली. आत भरलेला ओला कापूस बाहेर काढल्यावर त्या भोकातून लुडोची पिवळी सोंगटी, तीन खडू, अण्णांच्या अडकित्त्याचा हरवलेला स्क्रू, एक वाळलेली लिमलेटची गोळी आणि पालीच्या अंड्यांची रिकामी टरफलं निघाली. अडकित्त्याच्या स्क्रूवरून पूर्वी घरात एक अबोला झालेला होता. तो आता मागच्या तारखेने मिटवण्यात आला.

खोका वाचला नाही. तो एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदात कालवून, गरम दाबाखाली दाबून केलेल्या फळीचा. ती फळी वरच्या सनमायक्यामुळे राजेशाही दिसते आणि कडेने पाणी प्यायली की फुगते. फुगलेली पुन्हा कधी बसत नाही. सुताराला बोलावलं. स्वयंपाकघराच्या ट्रॉलीचं प्लायवूड उरलं होतं, त्यातून नवा खोका करायचा. त्याला सांगितलं की बाहेरून कसाही दिसो, आतलं माप आणि भोकाची नळी तंतोतंत तीच हवी, कारण आतली हवाही या वाद्याचाच भाग आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “वहिनी, एवढी जागा आत रिकामी राहतेय, एक कप्पा टाकून देऊ का?”

सगळ्यात गंमत चुंबकाची. कॉइलच्या भोवतालच्या लोखंडी चकतीवर तांबूस डाग आले होते. ते वाढून फटीत फुगले असते तर कॉइल अडकली असती. ते कापसाच्या काडीने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, जितके बाहेरून पोचले तितके पुसले. पण काळंकभिन्न चुंबक जसंच्या तसं. ते फेराइटचं, म्हणजे लोखंडाचा गंज आणि थोडं बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम मिसळून भट्टीत भाजलेलं. जे आधीच गंजलेलं आहे त्याला पाणी आणखी काय करणार! १९८० च्या दशकात आलेली निओडिमियमची चुंबकं याच्याहून कितीतरी ताकदवान, पण ओल लागली की ती गंजतात, म्हणून त्यांना धातूचा मुलामा द्यावा लागतो. घरातही हे दिसतंच. आयुष्यात पूर्वीच पुरेसं भिजून झालेली माणसं नव्या पावसाला फारशी डगमगत नाहीत. अण्णा तर रोज पेपर वाचता वाचता त्या झाकलेल्या डब्याकडे एकदा बघत आणि पुन्हा पेपरात शिरत.

“आता गार लागत नाही,” असा निर्वाळा सासूबाईंनी एके दिवशी दिला आणि परीक्षेची वेळ आली. पहिली परीक्षा बोटांची. चारी बाजूंनी बोटं सारखी टेकवून कोन हलकेच आत दाबायचा आणि कान लावायचा. खर्र असं ऐकू आलं तर कॉइल घासते आहे. आलं नाही. दुसरी मल्टिमीटरची. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर सहाच्या आसपास दाखवतो, तसा दाखवला. तिसरी सगळ्यात जुनी. रिमोटमधला दीड व्होल्टचा सेल काढून त्याची टोकं क्षणभर तारांना टेकवायची. ठक्! कोन पुढे उडी मारून जागेवर आला. घरातल्या प्रत्येकाने ते एकदा करून बघितलं, आणि काकांनी खात्रीसाठी बऱ्याचदा.

मग लावायचं काय, यावर वाद झाला. अण्णा म्हणाले तानपुरा लावा. सलग सूर असला की बारीकसा दोषही लपत नाही. तत्त्व बिनचूक होतं. तानपुरा लागला, सगळे श्वास रोखून बसले, आणि स्पीकरमधून एक बारीक, मधाळ, झणझणीत घरघर येऊ लागली. नवऱ्याचा चेहरा पडला. “घासतेय बहुतेक.” अण्णा म्हणाले, “ती जवारी आहे.” तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून मुद्दाम आणलेली ती झणझण. ज्या वाद्याचा सगळा प्राण घरघरीत आहे, त्याच्यावर घरघर तपासायला आम्ही निघालो होतो. बराच वेळ आम्ही डोळे मिटून गंज की जवारी याचा निवाडा करत बसलो. शेवटी आकाशवाणीच्या बातम्या लावल्या. माणसाचा बोलण्याचा आवाज जन्मभर ऐकलेला असतो; त्यात काही खोट असली तर अडाण्याच्या कानालाही कळते. बातम्या स्वच्छ आल्या. बातम्यांतला मजकूर कुणी ऐकला नाही.

आता डाव्या स्पीकरच्या कागदावर पाणी जिथवर चढलं तिथवरची तपकिरी रेघ आहे, आणि त्याचा आवाज उजव्याहून किंचित वेगळा आहे. अण्णांचं म्हणणं, खर्जातला सा आता डावीकडे जास्त खोल लागतो. ते श्रेय प्लायवूडचं, की वाळलेल्या कागदाचं, की त्यांच्या प्रेमाचं, हे मोजायचं यंत्र माझ्याजवळ नाही. दुकानदाराने सुरुवातीलाच सांगितलं होतं, “कशाला त्रास घेता मॅडम, नवीन घ्या.” हिशेबाने त्याचं बरोबर होतं. सुताराची मजुरी, सिलिका जेल, अल्कोहोलची बाटली आणि चहा यांची बेरीज केली तर बाजारात त्यात चांगला स्पीकर आला असता. पण त्या नव्या स्पीकरच्या पोटात काय आहे हे आम्हाला कधीच कळलं नसतं. उलट आता गाणं लागलं की मुलगा सांगतो, इथे कॉइल पुढे गेली, इथे मागे आली.

या प्रकाराने इमारतीत माझं नाव झालं आहे. कुणाचा मिक्सर भिजतो, कुणाचा रिमोट वरणात पडतो, कुणाच्या नातीने हेडफोनसकट अंघोळ केलेली असते, आणि सगळे माझ्याकडे येतात. मी अनुभवाने एकच सांगते, की बंद करा, कोरडं पुसा, पंख्याखाली ठेवा आणि हात लावू नका. ऐकणारा मान डोलावतो, चहा घेतो, आणि जाताना दारात हळूच विचारतो, “बरं, पण मग करायचं काय?” सल्ला फुकट आहे आणि बिनकष्टाचा आहे, त्यामुळे तो अजून कुणीही मानलेला नाही.